दिवसा झोपणाऱ्या गावाची वाटणी

केडगाव
१३ जुलै २०२५

सृष्टी,

वर ‘चि.’ लिहिलेलं नाही, आशीर्वादही नाहीत. ते वाचून तू पाकीट तसंच बाजूला टाकलं असतंस. हे कामाचं पत्र आहे. मोबाईलवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, पण पोस्टमनला तसं बंद करता येत नाही, म्हणून पोस्टानं पाठवते आहे. तुझ्या होस्टेलचा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस. मी सांगणार नाही, आणि तू ओळखलंस तरी त्या माणसावर चिडू नकोस.

काम असं आहे. ‘दिवसा झोपणारं गाव’ मी लिहून पूर्ण केलं. तू बारा वर्षांची असताना इथून गेलीस, त्यानंतर मी त्या गावाकडं फिरकलेच नव्हते. पण बालवाडीतून निवृत्त झाले आणि सकाळ फार मोठी होऊन बसली. साडेआठ वाजता सगळी कामं संपतात. मग एक दिवस लिहायला घेतलं.

आता त्या पुस्तकाला एक एजंट मिळाली आहे. रेश्मा नाव, दिल्लीला असतात, लहान आणि कुमारवयाच्या मुलांच्याच पुस्तकांचं काम बघतात. शेजारच्या छबूबाईला हे सांगितलं तर तिनं विचारलं, “एजंट? आरटीओतला का जमिनीचा?” म्हटलं, पुस्तकाचा. आपलं लिहिलेलं घेऊन तो प्रकाशकांकडे जातो, आपल्या वतीनं बोलणी करतो. छबूबाई म्हणाली, “मंग सोयरीक जमवनारा मधला मानूस म्हन की. आपन व्हऊन पोरगी दाखवाया गेलं की किंमत ऱ्हात न्हाई.” तेव्हापासून ती मला रोज विचारते, “जमलं का गं पोरीचं?” वाड्यावस्त्यांवरून तिच्याकडे दुधाला येणाऱ्या बायकांना वाटतं मला एक लग्नाची पोरगी आहे.

आता अडचण सांगते. एजंटबरोबर करार करावा लागतो. त्यात एक कलम आहे की हे लेखन सर्वस्वी माझं आहे, त्यात दुसऱ्या कुणाचाही हिस्सा नाही. तिथं माझा हात अडला. हिस्सा या शब्दाशी आपल्या घराचं काय वैर आहे ते तुला ठाऊक आहे. सृष्टी, शेळी तुझी आहे. सहा वर्षांची असताना तू एसटीत कंडक्टर म्हणून शेळी ठेवलीस, तिचं नाव वाघीण ठेवलंस, आणि ती तिकीट फाडून देते आणि लगेच खाऊन टाकते हेही तूच सांगितलंस. असलं मला बापजन्मात सुचलं नसतं. गोष्टीतली पोरगी दुर्पी माझी, शाळा माझी, पण एसटी, शेळी आणि झोपेची बँक तुझी. मग सर्वस्वी माझं असं कसं लिहू?

म्हणून तुझी सही हवी. एका कागदावर एवढंच लिही की गोष्टीत माझा हिस्सा आहे, पुस्तक काढायला हरकत नाही, माझं नाव अमुक असं छापावं. खाली सही. त्याशिवाय गाडं पुढं सरकणार नाही असं रेश्माबाईंचं म्हणणं आहे. पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलं आहे.

लोभ असावा असं लिहीत नाही. सही असावी.

आत्या


केडगाव
२ ऑगस्ट २०२५

सृष्टी,

पाकीट आलं नाही. पोस्टाचा घोळ असेल, तुझी परीक्षा असेल. इथं पोस्टमन आमच्या गल्लीत बाराच्या सुमाराला येतो आणि छबूबाईच्या ओट्यावर पाणी पिऊन जातो. मी काही त्याची वाट बघत बसत नाही, पण तो आल्याचं कळतं.

तुला वाटत असेल की आत्याला कुठून हे एजंटाचं खूळ लागलं. खूळ नाही. आधी मी सरळ पुण्याच्या प्रकाशकांकडे गेले होते. आपल्यात तीच रीत आहे, बाड पिशवीत घालायचं आणि जाऊन उभं राहायचं. एकांनी चार पानं चाळली आणि म्हणाले, “बत्तीस पानांत बसवा, रंगीत चित्रं घालू, परी वगैरे आहे का?” परी नाही म्हटलं, शेळी आहे. दुसरे म्हणाले, “बाई, बारा वर्षांच्या पुढची मुलं मराठी वाचतच नाहीत, कुणासाठी छापायचं?” तिसऱ्यांनी चहा दिला. चांगला होता.

मग मोबाईलवर बघत बघत शिकले. मुलांच्या पुस्तकांचे एजंट वेगळे असतात, मोठ्यांच्या पुस्तकांचे वेगळे. कोण काय घेतं ते आधी बघायचं, एकाच पानात गोष्टीचा सारांश लिहायचा, पहिली तीन प्रकरणं जोडायची, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं. एकानं कळवलं की आम्ही मुलांचं घेत नाही. एकानं पत्र येताच वाचनाची फी मागितली. छबूबाई म्हणाली, “काम व्हायच्या आदी पैसं मागतंय? आमच्या म्हशीच्या दलालाला तरी लाज हाय.” बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही, आणि त्यातच रेश्माबाईंचं उत्तर आलं.

त्या इंदूरला वाढल्या, मराठी वाचता येतं, बोलतात थोडं हिंदी मिसळून. म्हणाल्या, “मुलांचं पुस्तक मी आधी कानानं बघते. फोनवर वाचून दाखवा, तुमच्या आवाजात.” मी तयारी केली. खिडकी लावली, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, दुर्पी पहिल्यांदा एसटीत चढते ते प्रकरण काढलं. वाचायला लागले. एक पान झालं, दोन झाली, पलीकडून काही नाही. चिडीचूप. मी मध्येच “हॅलो?” म्हटलं, तरी काही नाही. म्हटलं आवडत नाही, उगाच कशाला बाईंचा वेळ खायचा. वाघीण तिकीट खाते तिथंच मी फोन ठेवून दिला आणि भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती, मी पुन्हा घासली.

संध्याकाळी त्यांचा मेसेज. “विजयमालाजी, फोन का कापला? मी तर ऐकून राहिले होते. माझ्याकडे पाहुणे होते म्हणून मी माझा आवाज बंद केला होता, तुम्हाला त्रास नको म्हणून.” आता त्यांना काय सांगू? आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, तो थांबला की सांगणारा थांबतो, हे त्यांना माहीत नाही. त्यांच्याकडे गप्प बसणं हा मान असतो. दुसऱ्या दिवशी मी संकोचत सांगितलं तर खूप हसल्या, आणि मग सबंध प्रकरणभर प्रत्येक वाक्याला “हूं, हूं” करत राहिल्या. इतके हुंकार की वाचणं अवघड झालं. पण वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हे मला पाहिजे.”

तुझा हुंकार कसा असायचा ते मी त्यांना सांगितलं नाही. तू डोळे मिटलेले असतानाही द्यायचीस, आणि मी झोपलीस का बघायला थांबले की म्हणायचीस, “हूं म्हटलं ना मी.” तुझा बाबा तेव्हा सुप्याच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा. सकाळी इथं येऊन झोपायचा, आणि तुला दिवसभर आवाज करायची बंदी. आई गेलेली, बाप झोपलेला. तुला राग यायचा म्हणून आपण ते गाव काढलं, सगळी मोठी माणसं दिवसा झोपतात आणि गाव पोरं चालवतात. तू गेल्यापासून मी कुणाला गोष्ट सांगितलेली नाही. बालवाडीतल्या मुलांना सांगितल्या, पण त्या पुस्तकातल्या.

एवढं लिहायचं नव्हतं. सही पाठव. नवं पाकीट ठेवलं आहे.

आत्या


केडगाव
२४ ऑगस्ट २०२५

सृष्टी,

परवा सहादूतात्याच्या दहाव्याला गेले होते. चुलता म्हणून त्यानं मला लहानपणी खांद्यावर बसवून कर्जतच्या बाजाराला नेलं होतं, न जाऊन कसं चालेल. तुझा बाबा येणार हे माहीत होतं. जाताना पावसाची भुरभुर होती, नदीला पाणी बरं आहे, पिंडाला कावळा लवकर शिवला. बायका म्हणाल्या, तात्याचं कशात मन अडकलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर रविराज माझ्याकडे आला. सात वर्षांत पहिल्यांदा. मी पत्रावळ टाकायला उठले होते, हात खरकटे, तशीच उभी राहिले. म्हणाला, “आक्का, पोरीला कागदं धाडती म्हनं.”

“कामाची आहेत.”

“तुजं आन तिचं काय काम?”

“आमची एक गोष्ट आहे. दोघींची.”

तो खाली बघून पायानं माती उकरायला लागला. लहानपणी मार खायच्या आधी असंच करायचा. मग म्हणाला, “मला ती काय बोलली न्हाई. सुट्टीला आल्ती तवा पिशवीत दिसली. समदी जपून ठिवल्यात, पाकिटासकट.” थोड्या वेळानं म्हणाला, “आमच्याशीबी लई बोलत न्हाई ती आता.” त्याचे केस पिकले आहेत, सृष्टी. कानावरचे तर पार पांढरे. मी विचारलं, शुगर तपासतोस का? त्यानं मान हलवली, म्हणजे तपासत नाही. मग कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. जमिनीचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही.

तर पत्रं पोचतात. येताना एसटीत मी सगळ्या रस्त्यानं तेच घोकत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, “मावशे, एकल्याच हसताय काय?” तिला म्हटलं, दहाव्याला गेले होते. ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आता कामाचं. रेश्माबाईंनी सगळं पुस्तक वाचलं आणि एक वेगळाच पेच काढला. विचारतात, हे पुस्तक किती वर्षांच्या मुलांचं? म्हणे दुकानात फळ्या वेगळ्या असतात. आठ-दहाची फळी वेगळी, तेरा-पंधराची वेगळी, प्रकाशक पहिला प्रश्न तोच विचारतो. आणि आपलं पुस्तक सुरुवातीला सहा वर्षांच्या पोरीशी बोलतं, शेवटी बारा वर्षांच्या. पहिल्या प्रकरणात शेळी तिकीट खाते आणि शेवटच्या प्रकरणात दुर्पी विचारते की मोठी माणसं खरंच झोपलेली आहेत का नुसती डोळे मिटून पडली आहेत. त्या म्हणाल्या, “पुस्तक मधेच मोठं होऊन जातं. शेळी काढा तर कुमारांचं होईल, शेवट काढा तर लहानांचं होईल. कुठल्या वयाचं ठेवायचं ते तुम्ही ठरवा.”

मी म्हटलं, एकाच वयाचं नाही ते. एका मुलीचं आहे. ती ऐकता ऐकता मोठी झाली त्याला मी काय करू? त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि यावेळी मी फोन ठेवला नाही.

शेळी मी काढणार नाही, कारण ती माझी नाही. काढायची तर तू काढ. शेवट माझा आहे, तो काढायला मी तयार आहे, पण तू सांगितलंस तरच. तुझी सही आणि हा एक निर्णय, दोन्ही एकदमच कळव. फार नको, एक ओळ पुरे.

पाऊस धरला की तुझा कान दुखायचा. कापूस घालत जा.

आत्या


केडगाव
१८ सप्टेंबर २०२५

सृष्टी,

आज रागावून लिहिते आहे, ते तसंच वाच.

रेश्माबाई पुढच्या महिन्यात प्रकाशकांना भेटायला निघतात. मुलांच्या पुस्तकांची त्यांची बोलणी वर्षातून एकदाच होतात, त्याच्या आत मी करार केला तर आपलं पुस्तक त्यांच्या पिशवीत जाईल. नाहीतर पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी त्यांना दुसरं कुणी भेटलेलं असेल. मी काही त्यांची एकटीच लेखिका नाही, आणि माझ्यासारखी शेळी धरून बसलेली तर नक्कीच नाही.

तू गप्प का आहेस ते मला माहीत आहे. त्या मेसेजपासून. तू पंधरा वर्षांची होतीस. “आत्या, सही करून टाक ना, मग बाबा मला तुझ्याकडे येऊ देईल.” मी उत्तर दिलं नाही म्हणून तू मला बंद केलंस. तुला वाटलं आत्याला पोरीपेक्षा रान मोठं.

ऐक. आई-आबा गेल्यावर रविराजनं हक्कसोडपत्र तयार करूनच आणलं होतं. मी सही दिली नाही, म्हणून तो तुला घेऊन इथून गेला. बहिणी देतात सही, आपल्याकडे सगळ्याच देतात. साडी-चोळी घेतात, डोळे पुसतात, अंगठा उठवतात आणि मग भाऊबीजेला हक्कानं जेवायला जातात. हक्क सोडल्यावर. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई. आबांनी मला विहिरीवरचं आंब्याचं झाड दाखवून सांगितलं होतं, “इजे, ह्यात तुजंबी हाय.” मला त्या रानातली एक काडी नको होती. आजही तिथला दाणा माझ्या घरात येत नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, एवढंच. कुठंतरी असावं ना एखाद्या बाईचं नाव.

तुझ्यासाठी सही केली असती तर तू आली असतीस, दोन दिवस राहिली असतीस. आणि उद्या नव्या आईच्या मुलासाठी, तुझ्या धाकट्या भावासाठी, तुझ्यापुढं तसाच कागद येईल, तेव्हा तू म्हणाली असतीस, आत्यानं नाही का दिली. म्हणून दिली नाही. आजही देणार नाही. हे पंधरा वर्षांच्या पोरीला मेसेजमध्ये कसं लिहायचं ते मला कळलं नाही. आता तू एकोणीसची आहेस, कायदा शिकतेस, तुला कळेल.

छबूबाई विचारत होती, “पोरीकडनं काय निरोप?” ती पुस्तकाबद्दल विचारत होती. मी म्हटलं, काही नाही.

पाकीट ठेवलेलं नाही. तुझ्याकडे दोन आहेत.

आत्या


केडगाव
१२ ऑक्टोबर २०२५

सृष्टी,

तुझं पाकीट काल मिळालं. पोस्टमन ओट्यावर पाणी पीत होता, त्यानं तिथूनच हाक मारली. माझंच अक्षर, माझंच तिकीट, पण आत तुझं काहीतरी होतं. मी ते घरात नेऊन, दार लावून, चष्मा पुसून उघडलं. छबूबाई बाहेरून विचारत होती, “जमलं का?”

हक्कसोडपत्र.

मसुदा तू स्वतः केला आहेस हे कळतं. रविराजच्या वकिलापेक्षा चांगला आहे, त्यानं तीन ठिकाणी माझं नाव चुकवलं होतं. लिहून देणार, सृष्टी रविराज, वय १९, धंदा शिक्षण. लिहून घेणार, विजयमाला. सदर गोष्टीतील माझा संपूर्ण हिस्सा मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता कायमचा सोडून देत आहे, यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा काही संबंध राहणार नाही. खाली सही. सोबत एक ओळही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, मग फाडून सपाट केलं, आतल्या बाजूला काही लिहिलंय का बघायला. काही नव्हतं.

तू इतक्या सहज सही केलीस. मला बसून राहावंसं वाटलं आणि मी बसून राहिले. दुपारी चहा केला तो तसाच गार झाला. तुला राग काढायचा असेल तर याहून नेमका कागद जगात नाही, आणि तो तू मला माझ्याच पाकिटातून पाठवलास. मी रडले, हे लिहूनच टाकते. तू म्हणशील कामाच्या पत्रात हे कशाला.

संध्याकाळी दिवा लावून पुन्हा वाचला. तेव्हा मागचं पान बघितलं, परिशिष्ट. सोडून दिलेल्या मिळकतीचं वर्णन. वर्णन केल्याशिवाय हक्क सोडता येत नाही, हे कायदेशीर बरोबर आहे. शेळी, नाव वाघीण, हुद्दा कंडक्टर, डावं शिंग मोडकं. शिंगाचं मी विसरले होते. झोपेची बँक, जिथं पोरं आपली उरलेली झोप ठेवतात आणि परीक्षेच्या आधी काढतात. पोस्टातला कुत्रा, जो पत्रं वाटत नाही, नुसतं दारात बसून ऐकतो. आणि जांभयांचं दुकान. सृष्टी, जांभयांचं दुकान पुस्तकात नाहीच. मला ते आठवलंच नव्हतं. लहान जांभई, मोठी जांभई, पाहुण्यांसमोर दाबायची जांभई, तू भाव लावून विकायचीस आणि मी घेतली की खरंच द्यायला लावायचीस. एवढं सगळं तू कुठं ठेवलं होतंस?

मी ते दुकान सातव्या प्रकरणात घातलं. आज सकाळपासून तेच लिहीत होते. म्हणजे तुझा हिस्सा सोडल्यानंतर वाढला, याचं तू काय करशील ते तू बघ.

आता माझं ऐक. सही कधीच लागणार नव्हती. रेश्माबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की सहा वर्षांच्या मुलीनं गोष्टीत काही सुचवलं तर त्याला कागद लागत नाही, वाटलं तर आभाराच्या पानावर एक ओळ टाका. मी हो हो म्हटलं, आणि स्टेशनरीच्या दुकानात जाऊन पाकिटं आणली. तुला लिहायला मला दुसरं काही कारण नव्हतं. ताकाला गेले आणि भांडं लपवलं. शेळी काढायची का नाही तेही मला विचारायचं नव्हतं, मी ती काढणारच नव्हते. मला नुसतं तुझं उत्तर हवं होतं. ते आलं.

करार परवा झाला. रेश्माबाईंना सांगून ते कलम मी बदलून घेतलं. तिथं आता दोन नावं आहेत, तुझं आणि माझं, जे येईल त्यात निम्मं-निम्मं. तू घेतलं नाहीस तर तुझं वेगळं ठेवतील. वयाचा पेच सुटलेला नाही. त्या म्हणाल्या, आहे तसंच दाखवू, बघू कोण घेतं. कदाचित कुणीच घेणार नाही.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. लिहून घेणारीची सही त्यावर नाही, म्हणजे तो अपुरा आहे, तुला शिकवलं असेल. मी आयुष्यात असल्या कागदावर सही केली नाही आणि तुझ्याकडून तर घेणार नाहीच.

आणि पुस्तकावर तुझं नाव नको असेल तर एकच उपाय आहे. माझ्यावर दावा लाव. खुशाल लाव. नगरच्या कोर्टात लाव, मला केडगावहून रिक्षानं येता येतं. वकील मी देणार नाही, मी स्वतः येईन. तू बोल, मी ऐकेन. एका तारखेला संपलं नाही तर दुसरी घे, कोर्टात तशा खूप मिळतात म्हणे. कुठलीही घे, सृष्टी. मी रिकामीच असते.

आत्या